विषय : पिकअपसाठी रूट्स, ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर?

प्रेषक : टेक्सासमधील सभासद (मूळ गाव समुद्रपूर तालुक्यात)

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे पाच लिटरच्या व्ही-8 पेट्रोल इंजिनाचा पिकअप आहे. आठवड्यातील पाच दिवस तो मला एकट्याला कामावर नेतो आणि सुट्टीच्या दिवशी मागे अडीच टनांचा ट्रेलर ओढतो. त्याला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून त्यात दाबाने जादा हवा भरणारे यंत्र, बसवण्याचे मनात आहे. येथील गॅरेजवाल्याने रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्यूगल असे तीन प्रकार पुढे ठेवले असून तिन्ही आठ पीएसआय (दर चौरस इंचाला आठ पौंड) दाब देतात असे तो सांगतो. दाब सारखाच असेल तर निवड कशावरून करायची, हे मला उमगत नाही. येथील उन्हाळाही आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या पंक्तीला बसणारा आहे. काकाजींनी मिशिगनमध्ये अनेक वर्षे इंजिनांचेच काम केले आहे, म्हणून त्यांनी आपले मत कळवावे, अशी विनंती. गावाकडच्या चुलतभावाचाही एक प्रश्न आहे : त्याच्या बोलेरोला असे काही बसवता येईल काय?

—

प्रेषक : काकाजी (हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा)

प्रिय भाऊ,

आठ पीएसआय हा आकडा इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो आणि तो देताना हवा किती तापते, हे विचारल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही. ओलावा न सांगता कापसाचा भाव सांगावा, तशातला हा प्रकार आहे.

ही तिन्ही यंत्रे समजून घेण्यासाठी मला गावाची शीव ओलांडावी लागत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमधील गिअर पंप आठवा. त्यातील दोन चाके दात आणि कवच यांच्यामधल्या पोकळीत तेल धरून पलीकडे नेऊन सोडतात. ती तेल दाबत नाहीत, दाब निर्माण होतो तो पलीकडच्या नांगराच्या भारामुळे. रूट्स सुपरचार्जर हवेच्या बाबतीत हेच करतो, इतकेच की त्याचे रोटर, म्हणजे फिरते दांडे, एकमेकांना स्पर्श करत नाहीत आणि त्यांचा मेळ बाहेरचे टायमिंग गिअर राखतात. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी त्याचे पेटंट 1860 मध्ये घेतले. त्या वेळी मोटारगाडीचा पत्ताही नव्हता. भट्ट्यांना वारा घालणे आणि खाणीत हवा खेळती ठेवणे ही या यंत्राची आरंभीची कामे होती. रोटरच्या पोकळीतील हवा आत दाबली जात नसल्यामुळे ती पोकळी मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडे, उघडताच तिकडची दाबलेली हवा उलटी आत मुसंडी मारते आणि या झटापटीत वाया गेलेल्या कामाची उष्णता होते. रोटरला दोन-तीनच पाळ्या (पाकळीसारखे फुगवटे) असलेल्या जुन्या रूट्सची बदनामी झाली ती यामुळेच. ईटन कंपनीच्या टीव्हीएस प्रकारात प्रत्येक रोटरला चार पाळ्या आणि 160 अंशांचा पीळ असल्यामुळे हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. फोर्डने 2023 च्या रॅप्टर आर या पिकअपमध्ये 5.2 लिटरच्या इंजिनावर हाच प्रकार बसवून 700 अश्वशक्ती मिळवली, त्यामुळे रूट्सला सरसकट जुनाट म्हणणे मला पटत नाही.

ट्विन-स्क्रूचा भाऊबंद तुम्ही लहानपणी पाहिला असेल. विहिरी आटल्या की गावात बोअरवेलची गाडी येते आणि तिच्यामागच्या कॉम्प्रेसरच्या वाऱ्याने भोकातला भुगा वर उडतो. आजकालच्या गाड्यांवरील तो कॉम्प्रेसर स्क्रूचा असतो. एका रोटरला फुगीर पाळ्या, दुसऱ्याला त्यांत बसणाऱ्या खाचा, आणि हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते तसतशी तिची जागा आवळत जाते. बोअरच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल फवारलेले असते, मोटारीच्या सुपरचार्जरमध्ये हवा कोरडीच राहते, हा फरक मात्र ध्यानात ठेवावा. स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांनी 1930 च्या दशकात हे यंत्र विकसित केले. हवा आतच दाबली जात असल्यामुळे रूट्समधील ती उलटी मुसंडी येथे फारशी उरत नाही आणि मोठ्या दाबाला हवा कमी तापते. डॉजच्या 707 अश्वशक्तीच्या हेलकॅट मोटारीमध्ये आणि पुढे 2021 च्या 702 अश्वशक्तीच्या रॅम टीआरएक्स पिकअपमध्ये 2.4 लिटरचा, म्हणजे दर फेरीला तितकी हवा ओढणारा, ट्विन-स्क्रू आहे. पूर्ण जोरात असताना हेलकॅटचा सुपरचार्जर फिरवण्यासाठीच सुमारे 80 अश्वशक्ती खर्च होते. आमच्या शिवारातील कोणताही एक ट्रॅक्टर एवढी शक्ती देत नाही. ट्विन-स्क्रूचा उणेपणा असा की गरज नसतानाही तो आतल्या आत हवा दाबत राहतो, त्यामुळे निवांत चालीत हवेला परत वळवणारी बायपास झडप उघडी असूनही त्याचा थोडा बोजा इंजिनावर राहतो. टीव्हीएसचा बोजा अशा वेळी फारच हलका असतो.

सेंट्रिफ्यूगल म्हणजे लोहाराचा हाताने फिरवायचा पंखा. मूठ सावकाश फिरते आणि आतल्या गिअरमुळे पाते भरारा फिरते. सुपरचार्जरमध्ये ते मिनिटाला चाळीस-पन्नास हजार फेऱ्यांपर्यंत जाते. मूठ हळू फिरवली तर निखारा नुसता धुमसतो, वेग दुप्पट केला की एकदम फुलतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 6000 फेऱ्यांना आठ पीएसआय देणारे यंत्र 3000 फेऱ्यांना साधारण दोनच देते. बाकीचे दोन प्रकार जवळजवळ पूर्ण दाब 2000-2500 फेऱ्यांपासूनच देऊ लागतात.

आता उष्णतेचा हिशेब. आमच्या वैशाखातील 45 अंशांची हवा आठ पीएसआयने दाबली, तर आदर्श यंत्रातही ती सुमारे 42 अंशांनी तापणारच. कार्यक्षमता 60 टक्के असेल तर ती 70 अंशांनी तापते, 75 टक्के असेल तर 56 अंशांनी. हा 14 अंशांचा फरक इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. दाब 15 पीएसआयवर नेला की हाच फरक 24 अंशांवर जातो आणि तेथे ट्विन-स्क्रूसाठी मोजलेले जादा पैसे सार्थकी लागतात. तुम्हाला आठच्या पुढे जायचे नाही, ट्रेलर ओढायचा आहे आणि रोज कामावर जायचे आहे, म्हणून मी टीव्हीएस प्रकारचा रूट्स निवडला असता.

—

प्रेषक : ओहायोतील सभासद (मूळ गाव वाशीम जिल्ह्यात)

काकाजींना नमस्कार.

आपले विवेचन मान्य आहे, परंतु सेंट्रिफ्यूगलवर थोडा अन्याय झाला असे मला वाटते. माझ्या मस्टँग या स्पोर्ट्स कारला मी तोच बसवला आहे. रूट्स आणि ट्विन-स्क्रू इंजिनाच्या डोक्यावर बसतात. त्यांचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि ते पाणी एकदा तापले की लवकर निवत नाही. सेंट्रिफ्यूगल बाजूला बसतो, त्याचा इंटरकूलर पुढच्या जाळीमागे सरळ वाऱ्यावर ठेवता येतो आणि मूळ इनटेक मॅनिफोल्डला हात लावावा लागत नाही. शिवाय दाब हळूहळू चढत असल्यामुळे गिअरबॉक्सला आणि मागच्या चाकांना एकदम धक्का बसत नाही. एक मात्र कबूल करतो : बसवून देणाऱ्याने पट्टा अरुंद घातला होता, तो वरच्या फेऱ्यांना घसरू लागला, आणि दाब कोठे जातो याच्या शोधात माझा अख्खा उन्हाळा गेला.

—

प्रेषक : काकाजी

दोघांनाही नमस्कार.

मस्टँगच्या बाबतीत तुमचे म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो. जी गाडी मौजेसाठी 5000 फेऱ्यांच्या वर पळवायची असते, तिला सेंट्रिफ्यूगल शोभतो आणि पाण्याच्या इंटरकूलरविषयीचा आक्षेपही खरा आहे. पण पिकअप ट्रेलर ओढतो तेव्हा इंजिन बहुधा 2500 फेऱ्यांच्या आसपास असते. तेथे आठ पीएसआयच्या सेंट्रिफ्यूगलकडून जेमतेम दीड पीएसआय मिळेल. चढावर गिअरबॉक्सने खालचा गिअर घेतला तर 4000 फेऱ्यांना साडेतीनच्या आसपास, म्हणजे प्रत्येक चढाला इंजिन किंचाळवावे लागेल. टेक्सासच्या भाऊंनी रूट्स घेताना पाण्याचा पुढचा रेडिएटर मोठा घ्यावा आणि इंटरकूलरच्या पंपाची तारजोडणी स्वतः उभे राहून तपासून घ्यावी, कारण तो पंप बंद पडला तरी गाडी चालतच राहते आणि चालकाला ते कळत नाही.

इंधनाबाबत कसूर करू नये. दाबलेल्या गरम हवेत हलक्या प्रतीचे पेट्रोल आपोआप पेट घेते आणि त्या ठोक्याने पिस्टन फुटतो, म्हणून ट्यूनिंग ज्या ऑक्टेनवर (पेट्रोल आपोआप पेटण्याला किती विरोध करते, त्या आकड्यावर) झाले असेल तेच भरावे. अमेरिकेच्या पंपावरील 87 हा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो आणि तो आपल्याकडच्या मोजणीत 91-92 च्या जवळ जातो, त्यामुळे दोन देशांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. कॅलिफोर्नियात गाडी नोंदवण्याचा कधी योग आला, तर त्या किटला तेथील हवा मंडळाचा मान्यता क्रमांक आहे की नाही हेही आताच पाहून ठेवावे.

चुलतभावाच्या बोलेरोविषयी. तिच्या डिझेल इंजिनाला टर्बो आधीच आहे. तोही हवाच दाबतो, फक्त पट्ट्याऐवजी बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. त्यावर आणखी काही बसवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. गाडीला दम राहिला नाही अशी त्याची तक्रार असेल, तर टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज चिरला आहे का ते पाहण्यास सांगा आणि हवेचा फिल्टर काढून झटकण्यास सांगा. सोयाबीनची मळणी नुकतीच आटोपली आहे. माझ्या स्वतःच्या फिल्टरमधून काल मूठभर भुसा निघाला.