लहान कॉलेजची टीम घेतली की कोच संपला?

कोलंबसकर
अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल जॉर्जियाकरांनी काल लिहिलं, "हेड कोच व्हायचंय तर मोठ्या विद्यापीठात कोऑर्डिनेटर (हेड कोचच्या हाताखाली आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा कोच) होऊन थांबा, लहान कॉलेजची टीम घेतलीत की संपलात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. कर्ट सिग्नेटी अलाबामा विद्यापीठात हेड कोच निक सेबनकडे रिसीव्हर्स कोच (पास झेलणाऱ्या खेळाडूंचे कोच) होते. पन्नाशीच्या तोंडावर ती नोकरी सोडून त्यांनी 2011 मध्ये डिव्हिजन टूची, म्हणजे लहान कॉलेजांच्या गटातली टीम घेतली. तिथून इलॉन, मग जेम्स मॅडिसन आणि 2023 च्या अखेरीस इंडियाना विद्यापीठ. इंडियानानं त्या वर्षी 3 सामने जिंकले होते आणि 9 हरले होते. पुढच्याच वर्षी 11 जिंकले. 2025 मध्ये सोळाच्या सोळा आणि राष्ट्रीय विजेतेपद! असा माणूस संपतो का?

जॉर्जियाकर
एका सिग्नेटींवरून नियम होत नाही. किर्बी स्मार्ट आठ हंगाम सेबनचे डीसी (बचावाचे कोऑर्डिनेटर) होते. ते हेड कोच म्हणून जॉर्जियात आले आणि 2021, 2022 लागोपाठ विजेतेपदं. त्यांच्या हाताखालचे डॅन लॅनिंग थेट ओरेगनला हेड कोच म्हणून गेले. लिंकन रायली ओसीवरून (आक्रमणाच्या कोऑर्डिनेटरवरून) हेड कोच झाले तेव्हा 33 वर्षांचे होते. आणि तुमच्या कोलंबसचे, ओहायो स्टेटचे रायन डे? तेही ओसीच होते ना? डिव्हिजन टूमध्ये आयुष्य काढलेले किती कोच तिथेच निवृत्त झाले, त्यांची नावं कुणी घेत नाही.

कोलंबसकर
डे यांना आधीचे हेड कोच अर्बन मायरनी तयार केलेली टीम मिळाली. आयत्या ताटावर बसणं वेगळं आणि चूल पेटवण्यापासून सुरुवात करणं वेगळं. कोऑर्डिनेटर अर्धी टीम बघतो. पालकांशी बोलणं, देणगीदारांना सांभाळणं, एखाद्या असिस्टंटला काढणं, हे तो कुठे शिकणार? लान्स लायपोल्ड डिव्हिजन थ्रीमध्ये सहा विजेतेपदं घेऊन वर आले. त्यांनी कॅन्सस विद्यापीठाची टीम घेतली तेव्हा तिची अवस्था किती वाईट होती आठवा.

मास्तर
तुम्ही दोघंही रस्त्याबद्दल बोलताय, पण रस्ता सगळ्यांना सारखा खुला नसतो. चार्ली स्ट्राँग फ्लोरिडात दोन विजेतेपदांचे डीसी, 2006 आणि 2008. तरी हेड कोचची पहिली खुर्ची 49 व्या वर्षी, तीही लुईव्हिलला. काळ्या कोचला इतकं थांबावं का लागतं? 2009 मध्ये ओरेगन राज्याला कायदा करावा लागला, की हेड कोच नेमताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्या.

जॉर्जियाकर
मास्तर, प्रत्येक धाग्यात तुम्ही हा विषय आणता.

मास्तर
प्रत्येक धाग्यात तो असतो म्हणून आणतो.

ब्लॅक्सबर्गची ताई
मला एक विचारायचंय. हेड कोच व्हायलाच हवं, हे कुणी ठरवलं? आमचे बड फॉस्टर 1987 पासून 2019 पर्यंत व्हर्जिनिया टेकमध्ये राहिले, त्यातली जवळपास पंचवीस वर्षं डीसी म्हणून. हेड कोच कधीच झाले नाहीत. गावात त्यांच्याइतका मान फार थोड्यांना आहे.

पूर्वी आम्ही दुसऱ्या राज्यात होतो, तिथे शेजारी एक पोझिशन कोच (खेळाडूंच्या एकाच गटाचे कोच) राहायचे. हेड कोचना काढलं, नव्यानं आपली माणसं आणली, हे घरी बसले. त्यांची मुलगी सातवीत होती आणि ती तिची पाचवी शाळा होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं आपली सायकल आमच्या मुलीला दिली. म्हणाली, नव्या ठिकाणी किती दिवस राहू माहीत नाही. मी आत जाऊन रडले.

कोलंबसकर
ताई, हेच तर! हेड कोचना काढलं तर करारातले पैसे मिळतात. टेक्सस ए अँड एमनं 2023 मध्ये जिम्बो फिशरना काढलं तेव्हा त्यांना द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर होती. पोझिशन कोचला काय मिळतं?

जॉर्जियाकर
मग माझंच म्हणणं खरं झालं! म्हणूनच मोठ्या जागी थांबावं, निदान पगार तरी चांगला असतो. आणि बायकामुलांचं काय, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला नाही? मी एच-वन व्हिसावर सहा वर्षांत चार गावं बदलली. माझ्या मुलालाही कुणी विचारलं नाही.

ब्लॅक्सबर्गची ताई
तुम्ही तरी विचारलंत का त्याला?

जॉर्जियाकर
हे वैयक्तिक होतंय.

मास्तर
सुरुवात तुम्हीच केलीत. बरं, मूळ मुद्दा: डाबो स्विनी कोणत्या रस्त्यानं आले? रिसीव्हर्स कोच होते, कोऑर्डिनेटर कधीच नव्हते. 2008 मध्ये हंगामाच्या मध्यात हेड कोच टॉमी बाउडन यांनी पद सोडलं, क्लेम्सन विद्यापीठानं स्विनींना तात्पुरतं नेमलं आणि मग कायम केलं. 2016 आणि 2018 ची विजेतेपदं त्यांचीच.

जॉर्जियाकर
ठीक आहे, स्विनी मान्य. सिग्नेटीही मान्य, 16-0 पुढे काय बोलणार. "संपलात" हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही. माझ्या भाच्यानं उद्या विचारलं तर मी त्याला कोऑर्डिनेटरच हो म्हणेन.

ताई, मुलाला मी विचारलं नव्हतं. आता तो कॉलेजात आहे. रविवारी फोन करतो, तेव्हा विचारेन.