'रूछिन' कुठे वापरायचा? चोरासाठी चालतो का?

चायनीज शिकतोय, एचएसके ४ (चायनीजच्या परीक्षेची चौथी पातळी) झाली. डिक्शनरीत 'रूछिन' म्हणजे घुसखोरी, आक्रमण असं दिलंय म्हणून मी लिहिलं की चोराने घरात रूछिन केलं, तर मॅडम हसल्याच. काय चुकलं?

मँडरिनवेडी: अरे चोराने काय सैन्य आणलं होतं का 😄 रू म्हणजे आत शिरणं, छिन म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीवर अतिक्रमण, त्यामुळे तो शत्रूसैन्य, हॅकर, व्हायरस, बाहेरून आलेल्या वनस्पती-प्राणी यांना शोभतो. घरात घुसणाऱ्याला 'छ्वांगरू'. छ्वांगचं अक्षर बघ, दाराच्या चौकटीत घोडा! सिग्नल तोडणे पण 'छ्वांग होंगतंग'च.

जुना_विद्यार्थी: आणि 'छिनल्युए' (हाही आक्रमणासाठीचाच शब्द) जपून वापर हां, त्यात थेट आरोप असतो. १९८२ ला जपानी पाठ्यपुस्तकांत तो शब्द सौम्य केल्याच्या बातम्यांवरून चीनने केवढा निषेध केला होता. बातमीत नुसतं सैन्य घुसलं एवढंच सांगायचं तर रूछिन पुरे.

मूळ प्रश्नकर्ता: म्हणजे आपल्या टणटणीला रूछिन आणि चोराला छ्वांगरू, बरोबर ना?

मँडरिनवेडी: बरोब्बर. टोन सांभाळ फक्त, रू चौथा, छिन पहिला.