नूतनीकरण झालेले समुद्रकाठचे हॉटेल कसे निवडले? आपले अनुभव लिहा

खाडीकाठ :
परवा एका जाहिरातीत सिकेरीचे ताज फोर्ट आग्वाद हॉटेल दिसले आणि शाळेच्या सहलीत किल्ल्यावरून ते पाहिल्याची आठवण जागी झाली. पोर्तुगीज किल्ल्याच्या जुन्या तटबंदीलगत १९७४ साली ते सुरू झाले. आता आईबाबांना घेऊन गोव्यातील अशाच एखाद्या जुन्या, परंतु नूतनीकरण झालेल्या हॉटेलात राहावे, असे मनात आहे. खर्च मोठा असल्यामुळे अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

माडाखाली :
जुन्या हॉटेलाचाच विचार करा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा, असे इंदिरा गांधींनी १९८१ साली किनारी राज्यांना कळवले होते. पुढे १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यांवर पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामाला मनाई केली. त्यामुळे पाण्याच्या अगदी जवळची जागा बहुधा त्याआधीच्या हॉटेलांकडेच आहे. मात्र काम नेमके कशाचे झाले, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आम्ही उतरलो होतो तेथे स्वागतकक्ष आणि जलतरण तलाव नवे कोरे होते, परंतु आमच्या इमारतीचे काम अजून व्हायचे होते. खाऱ्या हवेने खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या आणि एसी लावताच कुबट वास येत असे. आता मी खोली कोणत्या इमारतीत आहे आणि तिचे काम कधी पूर्ण झाले, हे हॉटेलकडून ईमेलवर लिहून घेतो.

पहाटवारा :
आईबाबांच्या गुडघ्यांचे आधी पाहा. टेकडीच्या उतारावरील हॉटेलांत खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्याच पायऱ्या असतात. माझ्या सासूबाईंना त्यामुळे समुद्र केवळ सज्जातून पाहावा लागला, याचे मला फार वाईट वाटले. लिफ्ट आणि बग्गी कोठपर्यंत जाते, हे फोन करून विचारा.

सुरुचीबन :
दोनापावलाजवळचे सिदाद द गोवा हे हॉटेल ताज समूहाकडे जाण्यापूर्वी आम्ही पाहिले होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या त्या वास्तूत भिंतींवर दारे, खिडक्या आणि माणसे अशी रंगवली होती की मुले हात लावून पाहत. अशा ठिकाणाचे जुनेपण नूतनीकरणात टिकले असेल तरच जादा पैसे द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. गुळगुळीत संगमरवर कोणत्याही शहरात मिळतो.

खाडीकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. पायऱ्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पावसाळ्यात दर उतरतात, तेव्हा जावे का?

माडाखाली :
आईबाबांना पाण्यात उतरायचे असेल तर नको. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि जीवरक्षक उतरू देत नाहीत. शिवाय हॉटेले दुरुस्तीची कामे याच काळात काढतात. नोव्हेंबर उत्तम. दर विचारताना कराचेही विचारा, कारण दिवसाला ७,५०० रुपयांहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो.