खांब-तुळईचा सांधा उघडलाय, स्क्रू मारून धरेल का?

पागोळी:
देवगडला आमचं जुनं कौलारू घर आहे, खांब सागाचे, तुळया किंजळाच्या. पडवीतल्या एका खांबावरची तुळई सरकलीय, सांध्यात बोटभर फट आणि सांधा धरणारी लाकडी खुंटी ओढली तर निम्मी कुजलेली हातात आली. सुतार म्हणतो तुळईवरून दोन लांब स्क्रू सरळ खाली खांबात सोडतो, झालं काम. मला पटत नाहीये पण का ते सांगता येत नाही, आईबाबा तिथेच राहतात म्हणून जीव टांगणीला लागलाय.

रंधा:
सरळ खाली नकोच! तो स्क्रू खांबाच्या लाकडाच्या नसांच्या दिशेनेच जातो, स्क्रूच्या आट्यांना धरायला आडव्या नसा मिळत नाहीत, पकड कमी बसते आणि खांब तडकायची भीती वेगळी. तुळईच्या दोन्ही बाजूंनी 45 अंशात तिरके खाली खांबात जाऊ देत, एकमेकांना फुली मारल्यासारखे. मग तुळई हलायला लागली की स्क्रू वाकत नाही, लांबीत ताणला जातो आणि ताण तो कितीतरी जास्त सोसतो. 8 मिमीचा, पूर्ण आट्यांचा, म्हणजे डोक्यापासून टोकापर्यंत आट्या असलेला घे, आधी 6 मिमीचं भोक पाड, आट्यांना मेण चोळ, नाहीतर किंजळात डोकं तुटून हातात येतं. जिप्सम बोर्डाला मारतात ते काळे स्क्रू चुकूनही नकोत, ते कटकन मोडतात.

सड्यावरचा:
आणि एक, पूर्ण आट्यांचा स्क्रू फट ओढून घेत नाही, दोन्ही लाकडं आहेत तिथेच पकडून ठेवतो. म्हणून आधी तुळईखाली जॅक लावून भार उचला, शिकंज्याने सांधा जागेवर आणा, मगच स्क्रू. समुद्राजवळ आहात तर स्टेनलेसचा 316 घ्या, खाऱ्या हवेत कमी गंजणारा प्रकार. खुंटी कुजली म्हणजे वरून पाणी येतंय, ते बघितलंत का?

पागोळी:
बघितलं, दोन कौलं फुटलेली, थेंब नेमका सांध्यावर! कुसवात, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या तुळईत बसणाऱ्या जिभेत, पेचकस टोचून पाहिला, आत शिरत नाही. कौलं आजच बदलली, सागाची नवी खुंटी करायला दिलीय. स्क्रू खुंटीपासून किती लांब ठेवू?

रंधा:
कुसू घट्ट आहे ना, मग चिंता नको. खुंटीपासून आणि कडेपासून दीड-दोन इंच सोड. खुंटी आधी ठोकून घे, जॅक सगळ्यात शेवटी काढ, तोही हळूहळू.