चाकाच्या भोकाला आतून पॉलिश कसे करावे?

प्रश्न (सांगली): मुलीच्या छोट्या लाकडी शर्यतगाडीची प्लास्टिकची चाके आसाच्या खिळ्यावर अडखळतात, भोक आतून खरखरीत लागते. पॉलिश पेपरने घासावे काय?

उत्तर (मिरज): पॉलिश पेपर मुळीच नको, कारण त्याने भोक मोठे होऊन चाक डुगडुगते. काडीला कापूस घट्ट गुंडाळून, त्यावर प्लास्टिकचे पॉलिश थेंबभर घेऊन चाक हातानेच फिरवावे. काडी ड्रिलला लावून वेगात फिरवल्यास उष्णतेने प्लास्टिक मऊ पडते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

उत्तर (विश्रामबाग): पॉलिशचे कण आत राहू नयेत म्हणून साबणाच्या पाण्याने भोक धुऊन पूर्ण वाळवावे आणि मगच वंगण म्हणून ग्राफाइटची कोरडी पूड घालावी. तेल टाळलेले बरे, त्यावर धूळ बसते. खिळ्याच्या डोक्याखालची धारही बारीक कानशीने काढावी; बऱ्याचदा अडथळा तिथेच असतो.