रामटेक-खिंडसी-नगरधन एका दिवसात, सोबत वयस्कर आई, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी नागपूरहून रामटेकला जायचं ठरतंय. स्वतःची कार आहे, आम्ही दोघं, सहा आणि नऊ वर्षांची पोरं आणि माझी आई. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर आरामात चालते पण पायऱ्या आल्या की हात धरावा लागतो. गाडी गडावर वरच्या पार्किंगपर्यंत जाते हे माहीत आहे, खालून पायऱ्या चढायचा प्रश्नच नाही. अडलंय ते पुढचं, तिथून राम मंदिरापर्यंत पायऱ्या किती आणि धरायला कठडा आहे का? मॅपवरचे फोटो सगळे कळसाचे अन् वानरांचे, पायऱ्यांचा एकही धड फोटो नाही. ओळखीतले जे जाऊन आले ते सगळे तरणे, "काही नाही हो, थोड्याच आहेत" म्हणतात, त्यावर भरवसा कसा ठेवू. आईला गडावरून खालचा तलाव बघायची फार इच्छा आहे म्हणून गड सोडायचा नाही.

दुपारी खिंडसीला पोरांसाठी बोटिंग. नगरधनचा किल्ला भुईकोट आहे म्हणजे आईलाही जमेल असं वाटतं, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच मानतात त्यामुळे मला तो चुकवायचा नाहीये. पेंच सफारी यावेळी नको, अंधार पडायच्या आत कन्हान ओलांडून घरी यायचंय. डबा घरूनच नेतोय, त्यामुळे हॉटेल नका सुचवू.

अलीकडे कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर सांगा, आधी गड करावा की नगरधन, आणि खिंडसीला लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचे मिळतात का?