स्नॅपशॉट चालू आहेत, मग आणखी बॅकअप कशाला?

टॉवेलनक्षी
घरात नॅसची पेटी आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवायची पेटी. ४-४ टीबीच्या दोन डिस्क, मिरर केलेल्या, म्हणजे दोन्हींवर तेच. तिच्यात २० वर्षांच्या जकार्ड (मागावर विणायच्या नक्षीच्या) डिझाइनच्या फायली, पोरांचे फोटो आणि वडिलांनी गड्ड्याच्या जत्रेत काढलेले व्हिडिओ. पेटी बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर चालते, दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी फायली जशा होत्या तशा परत मिळतात. गेल्या महिन्यात पुतण्याने ‘जुनं’ नावाचं फोल्डर जुनं समजून उडवलं. चालू ऑर्डर नेमकी त्यातच. १२ वाजताचा स्नॅपशॉट उघडला, फोल्डर उचलून जागेवर ठेवलं, चहा निवायच्या आत काम झालं. तरी मित्र म्हणतो, हा बॅकअपच नव्हे, वेगळी डिस्क घे. एक डिस्क मेली तर दुसरी आहे, फाइल उडाली तर स्नॅपशॉट आहे. राहिलं काय?

सातरस्ता
राहिली ती पेटी. दोन्ही डिस्क आणि झाडून सगळे स्नॅपशॉट एकाच डब्यात, एकाच प्लगवर. आमच्याकडे मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट गेली आणि आली ती उसळूनच. पॉवर सप्लाय गेला, जाताना दोन्ही डिस्कचे बोर्ड घेऊन गेला. ३०० स्नॅपशॉट होते, एक हाती लागला नाही. आणि चोर आला तर मिररमधली एक डिस्क तुमच्यासाठी ठेवून जाणार आहे का?

टॉवेलनक्षी
यूपीएस लावलाय ओ. पण ३०० स्नॅपशॉट म्हणजे ३०० प्रती ना? मग डिस्कमध्ये मावतात कशा? वापरतो रोज, पण हे मला अजून उमगलेलं नाही.

कडकभाकरी
तुम्ही नक्षीवाले, तर तुमच्याच मागावर सांगतो. कॉम्प्युटर यायच्या आधी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं साखळीत ओवलेली असायची, प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड. समजा, ८०० कार्डांचा मोर आहे आणि फक्त मान बदलायची आहे. मानेची ४० कार्डं नव्याने पंच करता. जुनी ४० फेकत नाही, खिळ्याला टांगता. वहीत लिहिता की सोमवारी साखळीत अमुक अमुक कार्डं होती. वहीतली ती यादी म्हणजे स्नॅपशॉट. साखळीची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून तर तो क्षणात निघतो आणि निघताना जागा जवळजवळ खात नाही. पुढे जेवढं बदलाल तेवढंच दुप्पट होतं.

आता उरलेली ७६० कार्डं बघा. सोमवारच्या यादीतही तीच, आजच्या साखळीतही तीच, पुठ्ठा एकच. त्याला वाळवी लागली तर सोमवारचा मोर गेला आणि आजचाही.

याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्सचं झेडएफएस, तीही फाइल सिस्टिमच, याच पायावर उभं आहे. त्याचा कोड २००५ मध्ये खुला झाला. तुमचं बीटीआरएफएस २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलात आलं.

हुरडापार्टी
वाळवी जरा जास्तच ताणली. मिरर आणि चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारा पडताळा-आकडा) असले की बिघडलेलं कार्ड दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त होतं, महिन्याला स्क्रब, म्हणजे सगळ्या डेटाची तपासणी, चालवा. माझ्या पाहण्यात घरचा डेटा जातो तो घरच्यांच्याच बोटांनी, आणि त्यावर स्नॅपशॉट अक्सीर आहे. पीसीत रॅन्समवेअर (खंडणीसाठी फायली अडवणारा व्हायरस) शिरून पेटीच्या शेअर फोल्डरमधल्या फायलींना कुलूप लावलं, तरी स्नॅपशॉट रीड-ओन्ली असतो. कालच्यावर परत जा. वेगळी डिस्क घेणारे लई बघितलेत. डिस्क कपाटात, साड्यांखाली. शेवटचा बॅकअप दिवाळीचा. कुठल्या दिवाळीचा ते विचारायचं नाही.

सातरस्ता
पीसीतून आलं तर, बरं का. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्याच थेट गाठल्या होत्या. पेटीचा अ‍ॅडमिन ज्याच्या हातात, त्याला स्नॅपशॉट पुसायला कितीसा वेळ? कपाटातल्या डिस्कची चेष्टा करा, पण दोन दिवाळ्यांपूर्वीचे फोटो तरी तिच्यात सापडतात.

टॉवेलनक्षी
हे पटलं. आजच पेटीचा बाहेरचा रस्ता बंद करतो. पण एक घोळ आहे. जागा संपत आली म्हणून ८०० जीबीचे व्हिडिओ पुसले, आणि मोकळी जागा तसूभर वाढली नाही. पेटी बिघडली का?

कडकभाकरी
खिळ्यावर टांगलेली कार्डं! तुम्ही साखळीतून काढली, पण वहीतल्या जुन्या याद्यांत त्यांची नावं आहेत. ती नावं असलेला शेवटचा स्नॅपशॉट जाईपर्यंत जागा सुटत नाही. एवढे स्नॅपशॉट कशाला ठेवता? मी तासाचे २४, रोजचे १४ आणि आठवड्याचे ८ ठेवतो, बाकी आपोआप गळतात.

आणि दोघे भांडताय ते बाजूला ठेवा, खरी मजा पुढे आहे. दोन याद्या शेजारी ठेवल्या की काय बदललं ते पेटीला आपोआप कळतं, तेवढेच ब्लॉक (डेटाचे तुकडे) दुसऱ्या पेटीला पाठवता येतात. फक्त पहिली खेप नेटवरून नेऊ नका. २ टीबी २० एमबीपीएसच्या अपलोडने ९ दिवस घेतील. घरच्या गिगाबिट केबलवर पाचेक तासांत भरतात. भरा आणि गाडीवर घालून न्या.

हुरडापार्टी
म्हणजे स्नॅपशॉटच बॅकअप झाला की! मी काय वेगळं म्हणत होतो?

सातरस्ता
दुसऱ्या गावच्या पेटीत पोचल्यावर झाला बे. तोवर वही आणि कार्डं एकाच खोलीत.

टॉवेलनक्षी
तीन आठवड्यांनी सांगतोय. जुन्या पेटीत नवी डिस्क घातली, घरीच रात्रभर भरली आणि बार्शीला ताईकडे ठेवून आलो. रोज रात्री २ वाजता बदल जातात, डिझाइन जास्त झालं त्या दिवशीही अर्ध्या तासात आटोपतं. पुतण्याला बार्शीहून एक फोल्डर परत आणून दाखवायला सांगितलं. त्याने आणलं, फक्त आधी पासवर्ड शोधण्यात तास गेला, कारण तो मी त्याच पेटीत लिहून ठेवला होता. आता कागदावर आहे.

ताईने वीजबिलाचं विचारलं. २० वॅट धरले तर महिन्याला १४-१५ युनिट होतात, ते मी देईन म्हटलं. ती म्हणाली, पैशाचं राहू दे, आधी तो निळा दिवा झाक, रात्रभर डोळ्यांवर येतो. काळी चिकटपट्टी लावून आलोय.